जंतांवर अल्बेन्डाझोल चालेनासं झालंय का? ते ठरवायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा. हिंजवडीच्या पलीकडे बांधकाम मजुरांची वस्ती आहे. तिथल्या मुलांना फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडीतून किंवा शाळेतून जंतांची गोळी, म्हणजे अल्बेन्डाझोल, मिळते. डिसेंबरात एका संस्थेच्या दवाखान्यात मुलांचं शौच तपासलं, तर बऱ्याच जणांत अंडी सापडली. जंतांना औषधाची सवय झाली म्हणायची का? डोस दुप्पट करावा का? की सोबत आयव्हरमेक्टिन हे दुसरं जंतनाशक जोडावं?

डोस दुप्पट करू नका. आणि डिसेंबरच्या तपासणीवरून रेझिस्टन्सबद्दल, म्हणजे जंत औषधाला दाद देईनासे झालेत का याबद्दल, काहीच बोलता येत नाही, ना बाजूने ना विरुद्ध. ऑगस्टची गोळी आणि डिसेंबरची तपासणी यांत चार महिने गेले. त्या तपासणीतून वस्तीत जंत किती पसरलेत ते कळतं, औषध चाललं की नाही ते कळत नाही. गोल जंताचं अंडं गिळल्यापासून अंडी घालणारी मादी तयार व्हायला दोन ते तीन महिने लागतात. अंकुशकृमीला म्हणजे हुकवर्मला पाच ते नऊ आठवडे पुरतात. म्हणजे गोळीने पोट पूर्ण साफ झालं असलं, तरी डिसेंबरात अंडी दिसायला चार महिने भरपूर झाले. पुन्हा लागण होण्याबद्दल अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित हिशोब २०१२ साली प्रसिद्ध झाला होता. उपचारानंतर सहा महिन्यांत गोल जंताचं प्रमाण मूळच्या ६८ टक्क्यांवर, चाबूककृमीचं म्हणजे व्हिपवर्मचं ६७ टक्क्यांवर आणि अंकुशकृमीचं ५५ टक्क्यांवर परत येतं, असं त्यात दिसलं. गोल जंताचं तर वर्षाअखेर ९४ टक्क्यांवर. ज्या वस्तीत दोनशे माणसांमागे चार-पाच संडास, त्यातले दोन तुंबलेले, तिथे याहून वेगळं काही होईल अशी अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून पहिला नियम: औषधाची परीक्षा गोळीनंतर १४ ते २१ दिवसांच्या आतच करायची. जागतिक आरोग्य संघटनेने हीच मुदत ठरवली आहे आणि तिला दोन्ही बाजूंनी कारण आहे. चौदा दिवसांच्या आत पाहिलं तर औषधाने नुसत्या गारठलेल्या माद्या अंडी घालणं तात्पुरतं थांबवतात, आणि औषध आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. एकवीस दिवसांनंतर पाहिलं तर आधीच अंगात शिरलेल्या आणि गोळीच्या वेळी फुप्फुसांच्या वाटेवर असलेल्या अळ्या आतड्यात पोचून वयात येऊ लागतात. एका डोसचा या फिरत्या अळ्यांवर जवळजवळ काही परिणाम होत नाही. अंकुशकृमीची अँकायलोस्टोमा ड्युओडेनेल ही जात तर अळीच्या अवस्थेत शरीरात महिनोन्‌महिने निपचित पडून राहू शकते आणि नंतर जागी होते. तो रेझिस्टन्स नव्हे.

आता मोजणीच्याही आधीची एक गोष्ट. गोळी पोटात गेली का? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण अनेकदा उत्तर इथेच सापडतं. अंगणवाडीतली ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायची असते. मूल ती गालात धरून ठेवतं आणि दारापलीकडे थुंकतं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, चुरून पाण्यातून द्यायची असते. त्यातली निम्मी चमच्याला चिकटून राहते. सिरपची गंमत आणखी वेगळी. दहा मिलिलिटरच्या बाटलीत ४०० मिलिग्रॅम औषध असतं, पण ते विरघळलेलं नसतं, तरंगत असतं. बाटली महिनाभर उभी राहिली की औषध तळाशी बसतं. न हलवता वरचं पाच मिलिलिटर एका भावाला आणि खालचं पाच मिलिलिटर दुसऱ्याला दिलं, तर पहिल्याला गोड पाणी मिळालं आणि दुसऱ्याला जवळजवळ सगळा डोस. त्यामुळे परीक्षेच्या दिवशी गोळी तुमच्यासमोर चावली गेली पाहिजे, वर पाणी, मग तोंड उघडून पाहणं. गोळ्यांचा बॅच नंबर आणि मुदत वहीत लिहून ठेवा. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे काढलेला डबा असेल तर तो वापरू नका.

जाता जाता: गोळीनंतर दोन-चार दिवसांनी शौचातून लांब गोल जंत पडला की आई घाबरून सांगते, औषध घेऊनही जंत पडताहेत. औषध चाललं म्हणूनच तो पडला.

दुसरी चूक जंत ओळखण्यात होते. ‘जंत’ या एका नावाखाली निदान सहा वेगळे प्राणी येतात आणि अल्बेन्डाझोलचा एक डोस त्या सगळ्यांवर सारखा चालत नाही. कधीच चालत नव्हता. गोल जंतावर ४०० मिलिग्रॅमचा एक डोस सुमारे ९५ टक्के लोकांना बरं करतो. अंकुशकृमीत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास आहे. चाबूककृमीत फक्त ३० टक्क्यांच्या आसपास. चाबूककृमीचा बारीक पुढचा भाग मोठ्या आतड्याच्या अस्तरात शिवल्यासारखा अडकलेला असतो, एका डोसने तो पुरेसा हलत नाही. म्हणजे दहातल्या सात मुलांत व्हिपवर्मची अंडी राहिली तर ती औषधाची जुनी, माहीत असलेली मर्यादा आहे. मेबेन्डाझोलचं चित्र थोडं उलटं: त्याचा ५०० मिलिग्रॅमचा एक डोस गोल जंतावर तितकाच चांगला, व्हिपवर्मवर थोडा बरा, पण अंकुशकृमीवर फारच कमजोर, ३०-३५ टक्के. वस्तीत अंकुशकृमी जास्त असताना कुणी स्वस्त मिळाल्या म्हणून मेबेन्डाझोलच्या गोळ्या आणल्या असतील, तर ‘औषध लागू पडत नाही’ ही तक्रार येणारच.

शिवाय बुटका पट्टकृमी, हायमेनोलेपिस नाना. मुलांच्या स्लाइडवर याची अंडी बऱ्याचदा दिसतात आणि घाईत ती दुसऱ्या कशात तरी मोजली जातात. अंडं गोलसर, पारदर्शक, आत दुसरं कवच, त्या दोहोंत बारीक दोरे आणि मध्ये हुकासारखे सहा बारीक आकडे. याला प्राझिक्वान्टेल लागतं, किलोमागे २५ मिलिग्रॅम, एकदाच. अल्बेन्डाझोलच्या एका गोळीवर भरवसा ठेवू नये. सूतकृमी, म्हणजे रात्री गुदद्वाराशी खाज आणणारे दोऱ्यासारखे पांढरे जंत, शौचाच्या स्लाइडवर क्वचितच सापडतात. त्यांच्यासाठी सकाळी शौच-आंघोळीच्या आधी गुदद्वाराशी पारदर्शक चिकटपट्टी दाबून तीच काचेवर लावायची. यात गोळी पहिल्या दिवशी आणि दोन आठवड्यांनी पुन्हा, घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. एका मुलाला दिली आणि शेजारी झोपणाऱ्या बहिणीला दिली नाही तर पंधरवड्यात पहिले पाढे पंचावन्न. स्ट्राँगिलॉइड्स या आणखी एका जंतात शौचात अंडी नव्हे, अळ्या येतात. त्यावर अल्बेन्डाझोल कमजोर, आयव्हरमेक्टिन चांगलं. आणि हा जंत असलेल्या रुग्णाला दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड सुरू झालं तर अळ्या अंगभर पसरून जीव जाऊ शकतो, म्हणून तो वेगळा ओळखायलाच हवा.

आता मोजणी. ‘अंडी आहेत’ किंवा ‘नाहीत’ एवढं लिहिलेला रिपोर्ट या कामाला उपयोगाचा नाही, एका ग्रॅममध्ये किती हा आकडा लागतो. त्यासाठी काटो-कॅट्झ पद्धत स्वस्त आहे आणि दोन दिवसांत हाताला बसते. सेलोफेनचे साधारण २५ बाय ३० मिलिमीटरचे तुकडे कापून ते आदल्या दिवसापासून, म्हणजे किमान २४ तास, द्रावणात भिजत ठेवायचे: १०० मिलिलिटर ग्लिसरीन, १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी आणि तीन टक्के मॅलकाइट ग्रीनचं एक मिलिलिटर. हातमोजे घाला, हा रंग अंगाला चांगला नाही. कागदावर थोडं शौच घेऊन वर बारीक जाळीचा तुकडा दाबायचा. जाळीतून वर आलेला भाग पट्टीने खरवडून काचेवर ठेवलेल्या साच्याच्या भोकात भरायचा, काठोकाठ, वर ढीग नको आणि आत हवेची पोकळी नको. साचा सरळ वर उचलला की काचेवर ४१.७ मिलिग्रॅम शौच उरतं. त्यावर भिजवलेलं सेलोफेन, मग काच उलटी करून सपाट गुळगुळीत फरशीवर दाबायची, म्हणजे थर सारखा पसरतो. दाब सोडताना काच बाजूला सरकवत उचलावी, सरळ वर ओढली तर सेलोफेन सुटतं. थराखाली वर्तमानपत्राची अक्षरं वाचता आली पाहिजेत. मोजलेली अंडी गुणिले २४, हा एका ग्रॅममधला आकडा. एका नमुन्याच्या दोन स्लाइड करून सरासरी घ्या.

इथे वेळ सांभाळावी लागते. ग्लिसरीन हळूहळू सगळं पारदर्शक करतं आणि अंकुशकृमीचं पातळ कवचाचं अंडं त्यात दिसेनासं होतं. ते अर्ध्या तासानंतर आणि एका तासाच्या आत मोजून झालं पाहिजे. गोल जंत आणि चाबूककृमीची अंडी टिकतात, ती नंतर मोजली तरी चालतात. आधीची तपासणी दवाखान्यात ताज्या स्लाइडवर आणि नंतरची शहरातल्या लॅबमध्ये तीन तासांनी, असं झालं तर अंकुशकृमीवर औषध शंभर टक्के चाललेलं दिसेल, पण ती करामत ग्लिसरीनची असेल. उन्हाळ्यात नमुने बर्फाच्या पेटीत आणा (गोठवू नका) आणि त्याच दिवशी स्लाइड करा, कारण उष्णतेत या अंड्यांतला गर्भ काही तासांत वाढू लागतो आणि अंडं ओळखायला कठीण जातं. पाण्यासारखं पातळ शौच या पद्धतीला चालत नाही.

मग हिशोब. आधी ज्यांच्यात अंडी सापडली अशी किमान ५० मुलं हवीत. एका वस्तीत मिळत नसतील तर आसपासच्या दोन-तीन वस्त्या एकत्र घ्या. त्याच मुलांची गोळीआधीची सरासरी आणि गोळीनंतरची सरासरी काढायची, आणि किती टक्के घट झाली ते पाहायचं. समजा आधी ग्रॅममागे ६०० होती, नंतर ९० राहिली, तर घट ८५ टक्के. अल्बेन्डाझोलच्या एका डोसला जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा अशी: गोल जंतात किमान ९५ टक्के, अंकुशकृमीत ९०, चाबूककृमीत ५०. अपेक्षेपेक्षा दहा टक्क्यांच्या आत कमी असेल तर ‘शंकास्पद’, दहा किंवा त्याहून जास्त खाली गेलं तर ‘परिणाम घटलेला’. वरचे ८५ टक्के अंकुशकृमीचे असतील तर शंकास्पद, गोल जंताचे असतील तर सरळ चिंताजनक, आणि चाबूककृमीचे असतील तर उत्तम!

सरासरी साधीच घ्यायची, पण यादी समोर ठेवून. एका मुलाने हिशोब कसा उलटतो बघा. ४९ मुलांची अंडी ग्रॅममागे २००-२०० आणि एकाची २०,०००. आधीची सरासरी ५९६ येते. गोळीनंतर ४९ मुलं पूर्ण साफ, पण त्या एकाने गोळी थुंकली होती, त्याची अंडी जशीच्या तशी. नंतरची सरासरी ४००. घट ३३ टक्के! कागदावर भयंकर रेझिस्टन्स, प्रत्यक्षात एक थुंकलेली गोळी. उलट बाजूनेही फसगत होते. पुणे परिसरात बहुतेक लागणी हलक्या असतात. स्लाइडवर दोन अंडी म्हणजे ४८, एक अंडं म्हणजे २४. दोनाचं एक झालं तर घट ५० टक्के की निव्वळ योगायोग, हे सांगता येत नाही. त्यामुळे सुरुवातीचे आकडे फार हलके असतील तर या पद्धतीने निष्कर्षच काढू नये. स्लाइडची संख्या वाढवा किंवा जास्त लागण असलेली मुलं शोधा.

एवढं सगळं करूनही घट कमी आली तर मात्र रेझिस्टन्सचा विचार करायला हवा. माणसातल्या जंतांत तो अशक्य नाही, पण अजून सिद्ध कमी आणि संशयित जास्त, अशी स्थिती आहे. अल्बेन्डाझोल आणि मेबेन्डाझोल दोन्ही एकाच घराण्यातली, बेंझिमिडाझोल. जंताच्या पेशीत बीटा-ट्युब्युलिन नावाचं प्रथिन असतं, त्याच्या नळ्या बनतात आणि त्यांच्यावर पेशीतली वाहतूक चालते. औषध त्या प्रथिनाला चिकटतं, नळ्या बनत नाहीत, जंताला साखर शोषता येत नाही, तो काही दिवसांत उपाशी मरतो. या प्रथिनातला १६७वा, १९८वा किंवा २००वा दुवा (अमिनो आम्ल) बदलला की औषध नीट चिकटत नाही. सगळ्यात गाजलेला बदल २००व्या जागी, फेनिलअलॅनिनच्या ठिकाणी टायरोसिन. हा गुण सुप्त असल्यामुळे जंताला आई आणि बाप दोघांकडून तो मिळावा लागतो, तेव्हाच तो औषधाला दाद देत नाही. म्हणून सुरुवातीला वर्षानुवर्षं काही दिसत नाही. जनुकाची बदललेली प्रत एकेरी फिरत राहते, आणि ती पुरेशी पसरली की घट पटकन कोसळते.

मेंढ्यांत हे पूर्ण घडून गेलेलं आहे. थायाबेन्डाझोल हे याच घराण्यातलं पहिलं औषध १९६१ साली आलं आणि १९६४ सालीच मेंढ्यांच्या पोटातल्या रक्त पिणाऱ्या हिमाँकस जंतात त्याला रेझिस्टन्स नोंदला गेला. आयव्हरमेक्टिनला दहा वर्षंही मिळाली नाहीत. मोनेपान्टेल हे नवं कोरं औषध २००९ साली न्यूझीलंडमध्ये आलं, चार वर्षांत तिथेच हरलं. भारतातल्या शेळ्या-मेंढ्यांमध्येही बेंझिमिडाझोलचा रेझिस्टन्स अनेक ठिकाणी नोंदला आहे. कारणं ठरलेली: पूर्ण कळपाला महिन्या-दीड महिन्याने औषध, वजन न करता अंदाजाने डोस, आणि शेळीला मेंढीचा डोस. शेळीचं यकृत औषध लवकर संपवतं, म्हणून तिला जास्त लागतं; मेंढीचा डोस तिच्यात अपुरा पडतो, आणि अर्धवट मार खाल्लेले जंतच पुढची पिढी घडवतात.

माणसात हे इतक्या वेगाने का झालं नाही? मुख्य कारण, औषध न मिळालेले जंत. मातीत पडलेली अंडी आणि अळ्या, आणि वस्तीतल्या मोठ्या माणसांच्या पोटातले जंत यांना गोळी कधी भेटतच नाही. आपला राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून १ ते १९ वयोगटासाठी चालतो. स्लॅबवर काम करणारे बाप आणि विटा वाहणाऱ्या आया त्यात नाहीत. त्यांच्या पोटातले साधे जंत मुलांच्या पोटातल्या औषधातून वाचलेल्या जंतांत मिसळत राहतात आणि बदललेली प्रत पातळ होत जाते. अंकुशकृमी मोठ्या माणसांत जास्त असतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा साठा मोठा. सगळ्या वस्तीला वर्षातून दोनदा गोळी दिली तर प्रसार थांबेल का, हे पाहायला बेनिन, मलावी आणि आपल्याकडे तमिळनाडूत मोठी चाचणी झाली. प्रसार थांबवायचा तर सगळ्यांना गोळी द्यावी असं वाटतं, पण तसं केलं की रेझिस्टन्स लांबवणारा हा औषध न लागलेला साठाच संपतो. माझं मत विचाराल तर अशा वस्तीत मोठ्यांना सरसकट गोळी देण्याआधी तपासून, रक्त कमी असलेल्यांना आणि गरोदर बायकांना (पहिले तीन महिने सोडून) आधी द्यावी.

माणसातले संशयास्पद प्रसंग मोजके आहेत. १९९७ साली मालीमध्ये मेबेन्डाझोल अंकुशकृमीवर फिकं पडलं, आणि त्याच साली वायव्य ऑस्ट्रेलियात पायरँटेल हे वेगळ्या घराण्यातलं जंतनाशक. हैती, केनिया, पनामा इथल्या चाबूककृमींत आणि हैतीतल्या अंकुशकृमीत तो २००व्या जागचा बदल सापडला आहे. चाबूककृमीवर अल्बेन्डाझोलने होणारी अंड्यांतली घट १९९५ च्या सुमारास सरासरी ७३ टक्के होती, २०१५ पर्यंत ती ४३ टक्क्यांवर आली, असा एक मोठा एकत्रित हिशोब सांगतो. पद्धतींतल्या फरकाचा त्यात वाटा असेलही, पण मला सगळ्यात जास्त काळजी याच जंताची वाटते. दरवर्षी लाखो मुलांत त्याला न मारणारा डोस दिला जातोय, शेळीसारखाच.

आणखी एक प्रकरण माहीत असावं. अल्बेन्डाझोल आणि आयव्हरमेक्टिनची जोडी लाओस आणि टांझानियातल्या पेम्बा बेटावर चाबूककृमीवर चांगली चालली, पश्चिम आफ्रिकेतल्या कोत दिव्हारमध्ये (आयव्हरी कोस्ट) मात्र साफ कोसळली. सगळे म्हणाले रेझिस्टन्स. जनुकं वाचल्यावर कळलं की तिथला जंत वेगळ्याच जातीचा आहे, अंडी मात्र सूक्ष्मदर्शकाखाली तशीच. त्याला आता ट्रायक्युरिस इन्कॉग्निटा म्हणतात. पुण्यात अंकुशकृमीच्या बाबतीत असंच होऊ शकतं. कुत्र्या-मांजरांतला अँकायलोस्टोमा सेलॅनिकम माणसाच्या आतड्यातही वाढतो आणि त्याचं अंडं वेगळं ओळखता येत नाही. वस्तीत भटकी कुत्री मुलांच्या खेळायच्या मातीतच हगत असतील, तर मुलं पुन्हा पुन्हा पॉझिटिव्ह येण्याचं कारण मुलांच्या संडासात नव्हे, कुत्र्यांत असेल. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांपासून पसरलेला कुत्र्यांचा अंकुशकृमी आज बेंझिमिडाझोल, पायरँटेल आणि आयव्हरमेक्टिन घराणं, तिन्हींना दाद देत नाही. ती वेगळी जात आहे, माणसात सहसा वाढत नाही, पण अंकुशकृमीला हे जमतं एवढं त्यातून पक्कं झालं.

आता हातात काय आहे. एकाच वेळी ८०० मिलिग्रॅम अल्बेन्डाझोल दिल्याने फारसा फायदा होत नाही. औषध आतड्यात कमीच विरघळतं, आणि जंताला किती औषध भेटलं यापेक्षा किती वेळ भेटलं हे जास्त महत्त्वाचं. तेच ४०० मिलिग्रॅम रोज एक असं तीन दिवस दिलं तर चाबूककृमीत आणि जड अंकुशकृमीत निकाल बराच सुधारतो. वस्तीसाठी नाही, पण दवाखान्यात समोर आलेल्या एका रुग्णासाठी हाच पहिला बदल. त्यानेही घट झाली नाही तर घराणं बदलायचं. अंकुशकृमीसाठी पायरँटेल, किलोमागे ११ मिलिग्रॅम, तीन दिवस, दिवसाला जास्तीत जास्त एक ग्रॅम. २० किलोच्या मुलाला २२० मिलिग्रॅम, म्हणजे पाच मिलिलिटरला २५० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर साडेचार मिलिलिटरला थोडं कमी. चाबूककृमीवर पायरँटेलचा उपयोग नाही. पायरँटेलसोबत पिपरझिन हे जुनं जंतनाशक देऊ नका: एक जंताचे स्नायू आखडवतं, दुसरं सैल करतं, दोन्ही एकमेकांना मारतात आणि जंत मजेत राहतो.

आयव्हरमेक्टिनची जोडी चाबूककृमीवर खरोखर उपयोगी आहे, पण किलोमागे २०० मायक्रोग्रॅम या हिशोबाने, आणि १५ किलोच्या खालच्या मुलांना व गरोदर बाईला नाही. बाजारातल्या ४०० अधिक ६ मिलिग्रॅमच्या जोडगोळीत हा हिशोब बसत नाही: २० किलोच्या मुलाला ती किलोमागे ३०० मायक्रोग्रॅम पडते, ५० किलोच्या बापाला १२०. वजनकाटा आणा आणि दोन औषधं वेगवेगळी द्या. आयव्हरमेक्टिन सरसकट वाटायला माझा विरोध आहे. स्ट्राँगिलॉइड्सवर तेच भरवशाचं औषध आहे, आणि हत्तीरोगासाठी विदर्भात ते अल्बेन्डाझोल आणि डीईसी या हत्तीरोगाच्या जुन्या औषधासोबत वापरलं जातं. तीन आठवड्यांच्या आतली मोजणी न करता ते इथे उधळू नये. सुखवस्तू घरांत शाळेची गोळी, वर डॉक्टरांचं सिरप, वर दर तीन महिन्यांनी दुकानातून स्वतःहून आणलेली आणखी एक बाटली, हाही प्रकार चालतो. हे थांबवा. ज्या भागात २० टक्क्यांहून कमी मुलांत जंत आहेत तिथे तर जागतिक आरोग्य संघटना सामूहिक गोळीही सांगत नाही. २० टक्क्यांवर वर्षातून एकदा, ५० च्या वर दोनदा.

अंकुशकृमीच्या मुलांचं हिमोग्लोबिन पाहून लोह सुरू करा. ड्युओडेनेल जातीचा एक जंत दिवसाला ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त खातो. जंत गेला तरी गेलेलं लोह आपोआप भरत नाही, आणि मूल फिकंच राहिलं की पुन्हा औषधालाच दोष जातो. भाजीच्या बाबतीत: नदीच्या सांडपाण्यावर वाढलेली कोथिंबीर किंवा मुळा व्हिनेगरमध्ये बुडवून गोल जंताची अंडी मरत नाहीत, क्लोरीननेही नाही. वाहत्या पाण्याखाली चोळून ती निघतात, आणि शिजवल्यावर मरतात.

तीन आठवड्यांच्या आतल्या मोजणीत घट खरंच अपेक्षेपेक्षा कमी आली, तर गोळी समोर देऊन आणि वेगळ्या बॅचने एकदा परत करा. तरीही तेच आलं, तर पॉझिटिव्ह मुलांच्या शौचातला वाटाण्याएवढा भाग ९५ टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलमध्ये ठेवा, शौचाच्या तिप्पट इथेनॉल, नीट ढवळून. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलं तर डीएनए खराब होतो आणि मग जात आणि १६७, १९८, २०० या जागा वाचता येत नाहीत. बाटलीवर मुलाचा क्रमांक, तारीख, गोळीआधीची की नंतरची, आणि स्लाइडवरचा आकडा लिहा. सोबत गोळ्यांची न उघडलेली एक पट्टी ठेवा, तिची तपासणी वेगळी होते. हे सगळं घेऊन जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे एकाच वेळी जा. नुसती तोंडी तक्रार नेली तर ‘संडास वापरायला सांगा’ एवढंच ऐकून परत याल.